आधी रोजनामा वाचा : न्यायाधीशांविषयी शंका आली तर काय करावं

आमच्या घरचा वाटपाचा दावा तालुक्याच्या कोर्टात चालू होता, तेव्हा मी कॉलेजात होतो. वडील तारखेहून परत आले की त्यांच्या चपला काढण्यावरूनच आईला कळायचं, आजही पुढची तारीख पडली. पाच-सहा खेपा अशाच गेल्यावर घरात एक वाक्य पक्कं झालं : "साहेब समोरच्यांना फितूर आहेत." आत्या म्हणाली, शेजारी म्हणाले, पारावरही तेच बोललं जाऊ लागलं. मग वडिलांच्या ओळखीच्या एका निवृत्त शिरस्तेदारांनी त्यांना विचारलं, "रोजनामा वाचलात का?"

वडिलांनी रोजनाम्याची, म्हणजे दर तारखेला कोर्टात काय झालं त्या नोंदींची, नक्कल काढली. सहा तारखांपैकी चार तारखा आमच्याच वकिलांनी मागून घेतल्या होत्या. एका तारखेला न्यायाधीश रजेवर होते. उरलेल्या एका तारखेला समोरच्यांनी मुदत मागितली होती आणि ती त्यांना खर्च बसवून दिली होती. ज्या माणसाला आम्ही वर्षभर फितूर म्हणत होतो, त्याने आमच्याविरुद्ध काहीच केलं नव्हतं. त्या रात्री घरात कुणी फारसं बोललं नाही.

प्रत्येक शंका अशी खोटी ठरते असं मला मुळीच म्हणायचं नाही. न्यायाधीशही माणसंच. त्यांचे नातेसंबंध असतात, पूर्वग्रह असतात, क्वचित कुणी पदाचा गैरवापरही करतो. म्हणूनच कायद्याने अशा शंकेसाठी वाटा ठेवल्या आहेत. अडचण अशी की पक्षकाराला त्या ठाऊक नसतात. अपिलाच्या मुदतीत तो तक्रार अर्ज लिहीत बसतो, आणि जिथे तक्रार करायला हवी तिथे गप्प राहतो. कुठल्या शंकेला कुठली वाट, ते इथे क्रमाने मांडलं आहे.

पहिली पायरी : शंका नेमकी कशाची, ते ठरवा

कोरा कागद घ्या आणि तुमची तक्रार तीन-चार ओळींत लिहा. "अन्याय झाला" एवढं लिहून थांबू नका. कुठल्या तारखेला, कुणी, काय केलं ते लिहा. मग ती खालच्यापैकी कुठे बसते ते पाहा.

१. निकाल चुकला. पुरावा नीट वाचला नाही, कायदा चुकीचा लावला. यावर उपाय अपील किंवा पुनरीक्षण.

२. बाजू मांडू दिली नाही. साक्षीदार घेऊ दिला नाही, उलटतपास अर्धवट तोडला, नोटीस न देता आदेश केला. यावर त्याच कोर्टात लेखी अर्ज, आणि पुढे अपिलातला मुद्दा.

३. न्यायाधीशांचा संबंध आहे. समोरच्या पक्षकाराशी नातं, जुनी वकिली, आर्थिक हितसंबंध. यावर खटला दुसऱ्या न्यायाधीशांकडे वर्ग करण्याचा अर्ज.

४. गैरवर्तन किंवा लाच. यावर उच्च न्यायालयाकडे तक्रार, लाचेसाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभाग.

५. बोट न्यायाधीशांकडे नाहीच. कारकुनाने फाईल दडवली, बेलिफाने समन्स बजावलं नाही, आपल्याच वकिलांनी तारखा घेतल्या. कर्मचाऱ्यांविषयी प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो. वकिलांच्या व्यावसायिक गैरवर्तनाविषयी महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेकडे तक्रार करता येते.

पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारातली गल्लत सर्वांत महागात पडते. निकाल विरुद्ध जाणं हा पक्षपाताचा पुरावा नाही. दर दाव्यात एक बाजू हरतेच. तूर्तातूर्त मनाईचा अर्ज नामंजूर झाला, एवढ्यावरून कुठलंही वरिष्ठ न्यायालय न्यायाधीश बदलून देणार नाही.

दुसरी पायरी : कागद हातात घ्या

तुमच्या प्रकरणाचा सोळा अंक-अक्षरांचा सीएनआर क्रमांक वकिलांकडून लिहून घ्या. महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांतल्या प्रकरणांचा क्रमांक एमएच या अक्षरांनी सुरू होतो. ई-कोर्ट्स सेवेच्या मोबाइल ॲपवर तो टाकला की पुढची तारीख, प्रकरण कुठल्या टप्प्यावर आहे, आजवरच्या तारखा आणि अपलोड झालेले आदेश दिसतात. त्याला पैसे पडत नाहीत आणि कुणाची परवानगीही लागत नाही.

पण ॲपवरच्या नोंदी त्रोटक असतात. म्हणून रोजनाम्याची प्रमाणित नक्कल काढा. पक्षकार स्वतः नक्कल विभागात अर्ज देऊन ती घेऊ शकतो. वाचताना प्रत्येक तारखेपुढे चार गोष्टी टिपा : कोण हजर होतं, कुणी काय मागितलं, कोर्टाने काय आदेश केला, पुढची तारीख कशासाठी दिली. आपले अर्ज आणि कागदपत्रं कुठल्या निशाणीवर, म्हणजे कोर्टाने दिलेल्या कुठल्या क्रमांकावर, आहेत तेही लिहून ठेवा. दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार सुनावणी सुरू झाल्यावर एका पक्षकाराला सर्वसाधारणपणे तीनपेक्षा जास्त तहकुबी द्यायची नसते. कुणी किती घेतल्या, ते या टिपणातून उघड होईल.

तुमचं म्हणणं नोंदलं गेलं नाही असं वाटलं, तर तोंडी वाद घालू नका. त्याच दिवशी किंवा पुढच्या तारखेला लेखी अर्ज द्या आणि त्यावर आदेश मागा. अर्ज नामंजूर झाला तरी तो फाईलमध्ये राहतो आणि वरच्या कोर्टापुढे तोच तुमचा पुरावा होतो.

तिसरी पायरी : कोर्टात जाऊन बसा

वकिलांच्या तोंडून ऐकलेलं कोर्ट वेगळं आणि बाकावर बसून पाहिलेलं वेगळं. तुमची तारीख नसलेल्या एखाद्या दिवशी त्याच न्यायाधीशांसमोर दोन तास बसा. ते दोन्ही बाजूंना किती वेळ देतात? चिडतात ते सगळ्यांवर, की ठरावीक लोकांवर? पुष्कळांची शंका या दोन तासांत विरते. काहींची पक्की होते, आणि मग निदान ती ऐकीव राहत नाही.

हा तुमचा हक्क आहे. दिवाणी आणि फौजदारी, दोन्ही संहितांनी न्यायालय ही खुली जागा मानली आहे. बलात्कारासारखे खटले मात्र बंद दालनात चालतात, आणि कौटुंबिक वादही तसे चालू शकतात. खुल्या न्यायालयाचा प्रश्न मुंबईतूनच सर्वोच्च न्यायालयात गेला होता आणि १९६६ साली त्याचा निकाल लागला. एका बदनामीच्या दाव्यात साक्षीदाराची साक्ष छापू नये, असा तोंडी आदेश मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती तारकुंडे यांनी दिला होता. त्याविरुद्ध पत्रकार नरेश मिरजकर आणि इतरांनी दाद मागितली. नऊ न्यायमूर्तींच्या पीठापुढे ती फेटाळली गेली, कारण न्यायाच्या हितासाठी अपवाद करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे असं पीठाचं मत पडलं. पण लोकांसमोर सुनावणी होणं हाच नियम आहे आणि लोकांची नजर न्यायाधीशांच्या मनमानीला आळा घालते, हेही सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी त्याच निकालात ठामपणे मांडलं. बाकावर बसलेले तुम्ही म्हणजे तीच नजर.

मोबाइल बंद ठेवा. चित्रण किंवा ध्वनिमुद्रण करू नका. वही-पेन पुरेसं आहे.

चौथी पायरी : निकाल चुकला असेल, तर दिवस मोजा

निकाल ऐकल्यावर पहिला राग तक्रार अर्जात ओतू नका. त्याच दिवशी निकालपत्राच्या नकलेचा अर्ज द्या. फौजदारी खटल्यात शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची प्रत विनामूल्य मिळते.

मुदती अशा आहेत. दिवाणी हुकूमनाम्याविरुद्ध जिल्हा न्यायालयात ३० दिवस आणि उच्च न्यायालयात ९० दिवस. फौजदारी शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयात ३० दिवस आणि उच्च न्यायालयात ६० दिवस. फाशीची शिक्षा असेल तर ३० दिवस. नक्कल तयार व्हायला लागलेला काळ यातून वजा होतो, म्हणून नकलेवरच्या अर्जाची, तयार झाल्याची आणि दिल्याची, अशा तिन्ही तारखा तपासून घ्या. मुदत उलटलीच, तर उशिराचं सबळ कारण देऊन माफी मागता येते. "साहेबांविरुद्ध अर्ज दिला होता, त्याच्या उत्तराची वाट पाहत होतो" हे कारण टिकेलच याचा भरवसा धरू नका.

निकालपत्र वाचताना शेवटचं पान आधी उघडू नका. मुद्दे कुठले काढले, प्रत्येक मुद्द्यावर उत्तर काय आणि त्याची कारणं काय, या क्रमाने वाचा. जिथे कारणच दिलेलं नाही, किंवा तुमच्या महत्त्वाच्या कागदाचा उल्लेखही नाही, तिथे खूण करा. तुमच्या अपिलाचा जीव त्या खुणांत आहे. असा निकाल का दिला, हे माहितीच्या अधिकारात न्यायाधीशांना विचारता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली तसं स्पष्ट केलं आहे. न्यायाधीश आपलं उत्तर निकालपत्रातच देतात.

निकाल राखून ठेवून महिने उलटत असतील, तर त्यालाही वाट आहे. दिवाणी दाव्यात सुनावणी संपल्यावर ३० दिवसांत आणि अपवादात्मक परिस्थितीत ६० दिवसांत निकाल द्यावा, असं संहिता सांगते. उच्च न्यायालयांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली अनिल राय प्रकरणात घालून दिलं की, तीन महिन्यांत निकाल आला नाही तर पक्षकाराने लवकर निकालासाठी अर्ज करावा, आणि सहा महिने उलटले तर प्रकरण दुसऱ्या पीठाकडे देण्याची मागणी मुख्य न्यायमूर्तींकडे करावी.

पाचवी पायरी : पक्षपाताची भीती खरी असेल, तर पहिल्याच संधीला बोला

इथे कायदा पक्षकाराच्या बाजूने बराच पुढे झुकतो. न्यायाधीशांनी प्रत्यक्ष पक्षपात केला, हे सिद्ध करावं लागत नाही. समंजस माणसाला तशी वाजवी भीती वाटेल अशी परिस्थिती आहे, एवढं दाखवावं लागतं.

१९८७ चं रणजित ठाकूर प्रकरण पाहा. एका जवानाने आपल्या अधिकाऱ्याच्या वागणुकीविरुद्ध वरिष्ठांकडे तक्रार केली. पुढे कोठडीत असताना जेवण घेण्याचा हुकूम मानला नाही म्हणून त्याच्यावर लष्करी न्यायालयात खटला भरला गेला, आणि निवाडा करायला तोच अधिकारी बसला. सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. "मी निःपक्षपाती आहे ना?" असं न्यायाधीशाने स्वतःच्या मनाला विचारून भागत नाही, समोर उभ्या असलेल्या माणसाच्या मनात काय येईल, ते त्याने पाहायला हवं, असं तो निकाल सांगतो.

पण गप्प बसलात तर हाच हक्क हातचा जातो. १९५७ च्या माणकलाल प्रकरणात एका वकिलाच्या गैरवर्तनाची चौकशी करणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष पूर्वी एकदा तक्रारदाराचे वकील म्हणून उभे राहिले होते. सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की त्यांनी अध्यक्षपदी बसायला नको होतं. तरीही माणकलाल यांचा आक्षेप फेटाळला गेला, कारण माहीत असूनही त्यांनी तो वेळेवर घेतला नाही. निर्णय आपल्या बाजूने लागतो का ते पाहायचं आणि विरुद्ध लागला की आक्षेप काढायचा, हे चालत नाही.

जुनी ओळख म्हणजे पक्षपात, असंही समीकरण मांडू नका. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले बॅरिस्टर दिनशा दावर हेच १९०८ साली न्यायमूर्ती म्हणून त्यांच्यासमोर बसले आणि त्यांनी टिळकांना सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. ओळख माणसाला कुठल्या बाजूला नेईल हे बाहेरून सांगता येत नाही. म्हणूनच ती आधी उघड करणं आणि गरज पडल्यास बाजूला होणं सगळ्यांच्या हिताचं. कुटुंबातली व्यक्ती, जवळचा नातेवाईक किंवा मित्र ज्यात गुंतलेला आहे, असं प्रकरण न्यायाधीशाने ऐकू नये, असं सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी १९९७ साली स्वीकारलेली आचारमूल्यं सांगतात.

प्रत्यक्षात असं करा :

आधी त्याच न्यायाधीशांच्या लक्षात ती गोष्ट नम्रपणे आणून द्या. पुष्कळ न्यायाधीश संबंध कळताच स्वतःहून प्रकरण सोडतात.

दिवाणी दावा असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ खाली जिल्हा न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात वर्ग करण्याचा अर्ज करा. फौजदारी खटला त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या कोर्टाकडे हवा असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४४८ खाली आधी सत्र न्यायाधीशांकडे जा. तिथे नामंजूर झाला तरच कलम ४४७ खाली उच्च न्यायालयात.

अर्जासोबत शपथपत्र जोडा. तारीख, घडलेली गोष्ट, हजर असलेली माणसं आणि रोजनाम्यातली नोंद, एवढंच लिहा. "गावात बोललं जातं", "समोरचे पैसेवाले आहेत" अशी वाक्यं काढून टाका, ती खऱ्या मुद्द्यालाही कमकुवत करतात. खोडसाळ अर्जाबद्दल भरपाई द्यावी लागू शकते.

अर्ज दिला म्हणजे खटला थांबला असं समजू नका. स्थगितीचा आदेश हातात येईपर्यंत मूळ कोर्टातल्या प्रत्येक तारखेला हजर राहा.

सहावी पायरी : गैरवर्तनाची तक्रार

जिल्हा आणि तालुका न्यायालयांवरचं नियंत्रण राज्यघटनेच्या अनुच्छेद २३५ ने उच्च न्यायालयाकडे सोपवलं आहे. त्यामुळे तालुक्याच्या न्यायाधीशांविषयीची तक्रार मंत्रालयात किंवा पोलीस ठाण्यात न्यायची नसते. ती उच्च न्यायालयाच्या महाप्रबंधकांच्या नावे करायची. तक्रारीसोबत शपथपत्र आणि पडताळता येईल असा पुरावा हवा. त्याशिवाय आलेल्या तक्रारींवर कारवाई केली जात नाही. निनावी पत्राने काहीच साधत नाही, उलट न्यायाधीशही नाहक टांगणीला लागतात.

एक सावधगिरी : या तक्रारीतून तुमचा निकाल बदलत नाही. निकाल बदलायचा तर अपीलच. दोन्ही कारणं असतील तर दोन्ही वाटा वेगवेगळ्या चाला.

"साहेबांना द्यायचेत" असं सांगून कुणी पैसे मागितले, तर ती मागणी साहेबांची आहे असं गृहीत धरू नका. न्यायाधीशांचं नाव विकून मधल्या माणसांनी पैसे खाणं ही जुनी लबाडी आहे. पैसे देण्याआधीच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या क्रमांकावर फोन करा. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांच्या आत कळवणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. आणि न्यायाधीशांना घरी जाऊन भेटणं, ओळखीतून निरोप पाठवणं, प्रकरणाविषयी त्यांना खासगी पत्र लिहिणं कटाक्षाने टाळा. समोरच्या पक्षाने तसं केलं असतं तर तुम्हाला काय वाटलं असतं, तेच त्यांना वाटेल.

उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींविषयीची गंभीर तक्रार सरन्यायाधीशांकडे जाते. १९९९ पासून त्यासाठी न्यायसंस्थेअंतर्गत चौकशीची पद्धत आहे. पदावरून दूर करण्याचा अधिकार मात्र संसदेच्या मार्गानेच वापरता येतो. त्याच्या ठरावासाठी लोकसभेतल्या किमान १०० किंवा राज्यसभेतल्या ५० सदस्यांच्या सह्या लागतात आणि मंजुरीला दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागतं. ही वाट मुद्दाम खडतर ठेवली आहे, कारण ती सोपी असती तर सरकारला न रुचणारा निकाल देणारा प्रत्येक न्यायमूर्ती टांगत्या तलवारीखाली बसला असता.

सातवी पायरी : बोला, पण तोलून

न्यायालयाविषयी चकार शब्द काढला तर बेअदबी होते, ही समजूत खरी नाही. १९७१ च्या न्यायालय अवमान कायद्याचं कलम ५ पाहा : अंतिम निर्णय झालेल्या प्रकरणाच्या गुणदोषांवर केलेली रास्त टीका हा अवमान नाही. कलम ६ नुसार कनिष्ठ न्यायालयाच्या न्यायाधीशांविषयी उच्च न्यायालयाकडे सद्भावनेने केलेली तक्रारही अवमान ठरत नाही. २००६ च्या दुरुस्तीने, सार्वजनिक हितासाठी प्रामाणिकपणे सांगितलेलं सत्य हा बचाव म्हणून मान्य केला आहे.

फरक शब्दांत आहे. "या निकालात निशाणी ३२ वरच्या खरेदीखताचा विचार झालेला नाही" ही टीका झाली. "साहेब विकले गेले" असं व्हॉट्सॲपच्या गटात टाकणं हा पुराव्याशिवायचा आरोप झाला. पहिलं वाक्य तुमचं अपील भक्कम करतं, दुसरं तुम्हालाच आरोपीच्या पिंजऱ्यात नेऊ शकतं.

पैसा आड येत असेल तर

यातल्या कुठल्याही पायरीसाठी वकील परवडत नसेल, तर तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बहुतेक ठिकाणी त्यांचं कार्यालय न्यायालयाच्या आवारातच असतं. १९८७ च्या कायद्यानुसार महिला, बालकं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतल्या व्यक्ती यांना विनामूल्य वकील मिळतो. त्यांना उत्पन्नाची अटही नाही. इतरांना ठरलेल्या उत्पन्नमर्यादेत ही मदत मिळते. देशभरासाठी मदत क्रमांक १५१०० आहे.

आमच्या दाव्याचा निकाल लागला तेव्हा विहिरीकडचं शेत आमच्याकडे आलं नाही. वडिलांनी निकालपत्र घरी आणलं आणि मला मोठ्याने वाचायला लावलं. प्रत्येक मुद्द्यापाशी ते मला थांबवायचे. विहिरीच्या मुद्द्यावर त्यांनी ते पान दोनदा वाचून घेतलं, मग म्हणाले, "कारण मला पटत नाही, पण माणसाने कारण लिहिलंय." बाकीचा निकाल त्यांनी मान्य केला. त्या एका मुद्द्यावर मात्र विसाव्या दिवशी जिल्हा न्यायालयात अपील दाखल केलं. अर्जात न्यायाधीशांविषयी एकही वावगा शब्द नव्हता. आणि "फितूर" हा शब्द आमच्या घरात पुन्हा कधी ऐकू आला नाही.